पत्ता, पेटी आणि खातं

जर्मनीत शिकायला येणाऱ्या मुलांना बँकेत घेऊन जायचं काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. मी इथे शिकायला आले, शिक्षण संपल्यावर त्याच विद्यापीठाच्या गावात नोकरीला लागले आणि राहिले. दर ऑक्टोबरला हिवाळी सत्र सुरू होतं. तेव्हा पुण्याहून, नाशिकहून, लातूरहून मुलं येतात आणि कुणाच्या तरी ओळखीने फोन येतो, ‘ताई, बँकेत जायचंय. बरोबर याल का?’ अशी मी जात राहिले. सुरुवातीला वर्षाकाठी दोन-तीन मुलं असायची. आता जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या भारतीयांची आहे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात ती 49 हजारांच्या घरात होती. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली माझी संध्याकाळ कुणाच्या ना कुणाच्या कागदपत्रांत जाते. या कामातून जे कळलं ते येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट पैशाची. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवण्यासाठी एका वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. बहुतेक मुलं त्यासाठी श्पेरकोंटो उघडतात, म्हणजे अडकवून ठेवलेलं खातं. भारतातून निघण्यापूर्वीच त्यात ठरलेली रक्कम भरायची. 2019 च्या सुरुवातीला ही रक्कम 8,640 युरो होती, सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो झाली. मुलगा इथे पोचल्यावर दरमहा त्यातले 992 युरो सुटतात. पण ते रोख हातात मिळत नाहीत, त्याच्या रोजच्या वापराच्या खात्यात जमा होतात. ते दुसरं खातं उघडेपर्यंत पहिल्यातला एक युरोही हाताला लागत नाही.

ही रक्कम कुठून आलेली असते ते मी जवळून पाहिलं आहे. कुणी घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेलं असतं, कुणी पतसंस्थेतली ठेव मोडलेली असते, कुणाच्या आईच्या पाटल्या गेलेल्या असतात. दहा-बारा लाख रुपये स्वतःच्या नावावर असलेला मुलगा माझ्यासमोर बसून दुपारच्या जेवणाला पाव आणि केळं खातो, कारण फॉरेक्स कार्डावरचे पैसे संपत आलेले असतात आणि घरी सांगायची त्याला लाज वाटते. म्हणून मी आईवडिलांना पहिलं हेच सांगते: अडकवलेल्या रकमेशिवाय निदान दीड-दोन हजार युरो मुलाच्या हाताशी असू द्या. पहिलं घरभाडं, अनामत, विद्यापीठाचं सत्रशुल्क आणि आरोग्यविमा हे सगळं खातं सुरू होण्याची वाट पाहत थांबत नाही.

खातं सुरू व्हायला वेळ लागतो, कारण इथे कागद एकमेकांत गुंतलेले आहेत. बऱ्याचशा बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात ही नोंदणी करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला कागद लागतो, की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरी राहतो. नोव्हेंबर 2015 पासून तो कागद सक्तीचा आहे. आणि घर मिळवायला जावं, तर मालक म्हणतो की अनामत इथल्या खात्यातून पाठव. घराशिवाय नोंदणी नाही, नोंदणीशिवाय खातं नाही आणि खात्याशिवाय घर नाही. चुकलेलं कुणाचंच नसतं, तरी मुलगा मध्येच अडकतो.

ही गाठ घराच्या बाजूने सोडवावी लागते, हे मला अनुभवाने कळलं. परभणीकडचा एक मुलगा कुणाच्या तरी खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत होता. मूळ भाडेकरूने मालकाला विचारलेलं नव्हतं, म्हणून तो कागदावर सही द्यायला तयार नव्हता. व्हॉट्सॲपच्या कुठल्याशा गटात त्या मुलाला एक माणूस भेटला. दोनशे युरो दे, नोंदणीसाठी माझा पत्ता वापर, म्हणाला. मुलगा पैसे द्यायला निघाला होता. राहत नसलेल्या पत्त्यावर नोंदणी करणं इथे बेकायदा आहे, आणि असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला 50 हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही बसून विद्यार्थी वसतिगृहाच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, नोंदणीशिवाय अडलेलं सगळं त्यात क्रमाने मांडलं. सहा आठवड्यांसाठी पाहुण्यांची खोली मिळाली. खोली लहान होती, पण सोबत कायदेशीर कागद आला आणि पुढचं सगळं त्या एका कागदावर मार्गी लागलं. तेव्हापासून मुलांनी भारतातून घर ठरवताना मला विचारलं, की मी भाडं किती ते नंतर विचारते. ‘नोंदणीचा कागद देणार का, हे मालकाकडून लेखी घेतलंस का?’ हा माझा पहिला प्रश्न असतो.

घर मिळालं, नोंदणी झाली, बँकेत अर्जही गेला, तरी खातं हाती येतंच असं नाही. इथे बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं आणि त्याचा गुप्त क्रमांक काही दिवसांनी दुसऱ्या पाकिटात. ऑनलाइन बँकिंगचं पत्र बऱ्याचदा तिसरं असतं. कार्ड आणि क्रमांक एकदम कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून ही काळजी. पण जर्मनीत इमारतीतल्या खोल्यांना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन पाहतो ती पत्रपेटीवरची नावं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं.

एका मुलीला महिनाभर कार्ड मिळालं नाही. बँक म्हणत होती, पाठवलंय. मुलगी म्हणत होती, रोज पेटी बघते. मी तिच्या इमारतीत गेले. खाली जिन्यापाशी राखाडी पत्र्याच्या पेट्यांची रांग होती. तिच्या पेटीवर पाच आडनावांच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवलेल्या होत्या, त्यातल्या दोन आधीच घर सोडून गेलेल्यांच्या. सहाव्या पट्टीला जागा नव्हती, म्हणून तिने तिचं नाव लावलंच नव्हतं. मी बॅगेतून वही काढली, एक पट्टी कापली, त्यावर ठळक अक्षरांत तिचं पासपोर्टावरचं आडनाव लिहिलं आणि गेलेल्यांच्या पट्ट्या सोलून तिथे ती चिकटवली. दारावरच्या घंटीपाशीही तशीच एक. मग बँकेला कळवून पत्रं पुन्हा मागवली. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं, त्यानंतर गुप्त क्रमांकाचं पाकीट. आता कुणीही नवं आलं की सामान खोलीत ठेवायच्या आधी मी पेटीवर नाव लावायला सांगते. दुसऱ्याच्या पेटीत पत्रं यायची असतील, तर त्या माणसाचं नाव पत्त्यात ‘अमुकच्या पत्त्यावर’ म्हणून घालायला सांगते.

नावाचा प्रश्न आपल्या मुलांना फार सतावतो. आपल्या पासपोर्टात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं आणि आडनाव वेगळ्या. मग कुणी विद्यापीठात फक्त स्वतःचं नाव लिहितो, बँकेत वडिलांचंही लिहितो आणि विमा कंपनीकडे आडनाव आधी. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँका पैसे पाठवण्याआधी खाते क्रमांक आणि नाव जुळतं का ते तपासून दाखवतात. नाव जुळलं नाही तर पाठवणाऱ्याच्या पडद्यावर इशारा येतो आणि पगार पाठवणारं कार्यालय थबकतं. पासपोर्टात जसं आहे तसं, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने सगळीकडे लिहायचं. यात हौसेला वाव ठेवू नये.

सहीचंही तसंच. लातूरच्या एका मुलाबरोबर मी बँकेत बसले होते. त्याने पासपोर्टावर देवनागरीत सही केलेली, दहावीत असताना ठरवलेली, ‘र’ला लांब शेपूट असलेली. अर्जावर मात्र परदेशात आहोत म्हणून त्याने इंग्रजी अक्षरांत सही केली. काउंटरमागच्या बाईंनी पासपोर्ट आणि अर्ज शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अर्ज परत दिला. मुलगा गोरामोरा झाला, त्याला वाटलं खातं नाकारलं. मी म्हटलं, ‘अरे, त्यांना तुझी मराठी सही हवी आहे.’ नव्या कागदावर त्याने शेपटासकट सही केली. बाईंनी पासपोर्टाशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला. परदेशात आलो म्हणून आपलं काही बदलावं लागतं असं मुलांना वाटतं. बँकेला हवी असते फक्त सुसंगती.

अर्जातला आणखी एक रकाना मुलांना घाबरवतो: तुम्ही कोणत्या देशात करदाते आहात? हा प्रश्न देशादेशांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी सगळ्याच खातेदारांना विचारतात. भारताचं नाव लिहून पॅन क्रमांक द्यायचा. जर्मनीचा अकरा आकडी कर क्रमांक नोंदणीनंतर काही आठवड्यांनी टपालाने येतो, तोवर तो नंतर कळवतो म्हणून सांगता येतं. ज्या बँका घरबसल्या व्हिडिओवरून ओळख पटवून खातं उघडतात, त्यांतल्या काहींना भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग पोस्टात पासपोर्ट घेऊन जायचं, तिथला कर्मचारी ओळख तपासून बँकेला कळवतो. मुलांनी या वाटेने जायला कचरू नये. ती धोपट वाट आहे.

माझ्या या कामाला वळण देणारा प्रसंग नकाराचा होता. एका मुलाला एका बँकेने, मग दुसऱ्या बँकेने तोंडी ‘नाही’ सांगितलं. कारण दोघांनीही दिलं नाही. तो घरी जाऊन अंथरुणात पडून राहिला, वर्गातही जाईना. त्याच्या खोलीतल्या मुलाने मला फोन केला. तोपर्यंत मी बँकेतल्या माणसाच्या मर्जीवर सगळं आहे असंच धरून चालत होते. त्या रात्री मी कायदा वाचला. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला जर्मनीत निदान मूलभूत खातं मिळण्याचा हक्क जून 2016 पासून आहे. त्याला बाझिसकोंटो म्हणतात. त्यासाठी ठरलेला छापील अर्ज आहे. तो पूर्ण भरून दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नकार द्यायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि त्याविरुद्ध बाफिन या वित्तीय नियामक संस्थेकडे दाद मागता येते. बेघर माणसाला आणि आश्रय मागायला आलेल्यालाही हा हक्क आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही तो छापील अर्ज घेऊन तिसऱ्या बँकेत गेलो. आवाज चढवायची गरज पडली नाही. अर्ज समोर ठेवला, पोच मागितली. खातं उघडलं.

खात्यापेक्षाही त्या मुलाला एक गोष्ट कळणं मला महत्त्वाचं वाटलं. दोन काउंटरवरचा नकार त्याने स्वतःवर घेतला होता, आपला रंग, आपलं बोलणं, आपली ऐपत यांना मिळालेला नकार म्हणून. कधीकधी तसं असतंही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तोंडी ‘नाही’ हा निर्णय नसतो. लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावं, ही सवय लागली की मुलांचा कणा ताठ होतो. घर, विमा, व्हिसाची मुदतवाढ सगळीकडे ती उपयोगी पडते.

भारताच्या बाजूचीही तयारी लागते. बँकेतून परदेशी रक्कम पाठवताना मधली बँक आपलं शुल्क कापून घेते, आणि श्पेरकोंटोत काही युरो कमी पडतात. तेवढ्यासाठी व्हिसाचं काम अडून राहिलेलं मी पाहिलं आहे. सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडावा आणि थोडी जास्तच रक्कम पाठवावी. आपला भारतातला मोबाइल क्रमांक बंद करू नये. कर्जाच्या खात्याचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि तो बंद पडला की वडिलांना शाखेत खेटे घालावे लागतात. शिकायला परदेशी गेलेल्या मुलांना रिझर्व्ह बँकेने 2003 मध्येच परकीय चलनाच्या नियमांपुरतं अनिवासी धरलं आहे. त्यामुळे गावच्या शाखेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घेणंही योग्य.

खातं सुरू झालं की मुलं सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग पैसे आपोआप जाऊ लागतात. विमा, मोबाइल, महिन्याचा प्रवासपास या सगळ्यांना खात्यातून थेट रक्कम उचलायची परवानगी द्यावी लागते. घराच्या नोंदणीनंतर सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचं पत्र येतं. महिना 18.36 युरो, प्रत्येक घरामागे एक. घरात टीव्ही नाही म्हणून मुलं ते पत्र बाजूला टाकतात आणि दंडासकट रक्कम चढत जाते. टीव्ही असो-नसो, ती द्यावी लागते. एकत्र राहणाऱ्यांनी ती वाटून घ्यावी. चुकीची रक्कम उचलली गेली तर आठ आठवड्यांच्या आत कारण न देता ती परत मागवता येते, हेही ठाऊक असावं.

मला सगळ्यात जड गेलेला प्रसंग खातं उघडल्यानंतरचाच आहे. अर्धवेळ काम शोधणाऱ्या एका मुलीला ऑनलाइन नोकरी मिळाली. बँकांची ॲपं तपासायची, असं सांगितलं होतं. व्हिडिओवर पासपोर्ट दाखवून खातं उघडायचं, प्रक्रिया कशी वाटली ते लिहायचं आणि लॉगिनची माहिती कंपनीला द्यायची. तिला वाटलं हे सरावाचं खातं आहे. ते खरं होतं, तिच्याच नावाचं. फसवणुकीचे पैसे त्यातून पुढे गेले आणि काही महिन्यांनी पोलिसांचं पत्र तिच्या पेटीत आलं. आपण आपल्या खात्यातून दुसऱ्याचे पैसे पुढे सरकवले, तर इथे काळ्या पैशाच्या कायद्याखाली घोर निष्काळजीपणाही गुन्हा धरला जातो. विद्यापीठातल्या मोफत कायदा सल्ल्याकडे आम्ही गेलो, तिच्याकडचे सगळे संदेश छापून दिले. प्रकरण मिटायला बराच काळ लागला. त्या काळात तिची झोप उडाली, एक विषय मागे राहिला, आणि घरी तिने यातलं काहीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी मुलांशी बोलते तेव्हा हे कधीच वगळत नाही. तुमचं खातं म्हणजे इथे तुमची सही आहे, तीही रोज होणारी. ‘दोन दिवसांसाठी माझे पैसे तुझ्या खात्यात घे’ असं मित्र म्हणाला तरी नाही म्हणा. खातं, कार्ड, लॉगिन, पासपोर्टचा फोटो यांतलं काहीही कुणाला देऊ नका. घर न पाहता अनामत पाठवू नका. आणि फसलात असं वाटलं तर त्याच दिवशी बँकेला फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही.

या सगळ्या वर्षांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मुलं फसतात किंवा खचतात ती बहुतेक पहिल्या दीड-दोन महिन्यांत, घर आणि खातं यांच्यामधल्या काळात. हुशार मुलंही. त्यांना अभियांत्रिकीची गणितं सुटतात, पण कुठला कागद आधी आणि कुठला नंतर हे सांगणारं कुणी शेजारी नसतं. सांगलीला माझे वडील शिक्षकांच्या पतसंस्थेत खातं उघडायला मला घेऊन गेले होते. तेव्हा अर्जावर जुन्या खातेदाराची सही लागायची, की या मुलीला मी ओळखतो. शेजारच्या काकांनी चहा पिता पिता ती सही केली होती. जर्मन बँकेच्या अर्जावर तसा रकाना नाही, पण ती गरज मात्र तशीच आहे.

म्हणून आमच्या गावात आता आम्ही एक रीत पाडली आहे. ज्या मुलाचं खातं गेल्या वर्षी उघडलं, त्याने यंदा नव्याने आलेल्या एकाबरोबर तरी नगरपालिकेत आणि बँकेत जायचं. उत्तरं त्याने द्यायची नाहीत, नव्या मुलालाच बोलू द्यायचं, फक्त शेजारी बसायचं. जर्मनी असो की दुसरा कुठला देश, तिथे स्थिरावलेल्या प्रत्येक मराठी माणसाने वर्षातून एक सकाळ यासाठी द्यावी असं मला मनापासून वाटतं. खर्च काही नाही. आणि ज्या आईने पाटल्या दिल्या तिच्या मुलाचा पहिला महिना सुखरूप पार पडतो.